फर्ग्युसनमधील विद्यार्थिजीवन : पंगत, संमेलन आणि चळवळ

पुण्याच्या पश्चिमेस, चतुःशृंगीच्या माळावर, ज्या विस्तीर्ण आवारात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या दगडी इमारती आज उभ्या आहेत, त्या आवाराचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी साहजिकच संस्थापकांच्या त्यागाकडे, प्राचार्यांच्या नामावळीकडे आणि देणगीदारांच्या औदार्याकडे वळते. तो इतिहास अनेक अधिकारी व्यक्तींनी लिहिलेला आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा मानस नाही. संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविलेला विषय विद्यार्थ्यांचा आहे : ते येथे कसे राहिले, कोणाच्या पंगतीस जेवले, संमेलनात काय करून दाखविले, कोणत्या प्रश्नावर एकमेकांशी व प्रसंगी आपल्या गुरुजनांशीही भांडले, आणि त्यांच्यापैकी काहींनी पुस्तक मिटून चळवळीची वाट का धरली. या साऱ्या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत घालण्याचा प्रघात आहे. स्नेहसंमेलन हे करमणुकीच्या सदरात आणि आंदोलन हे देशभक्तीच्या सदरात. मला ही विभागणी मान्य नाही. येथील दप्तर आणि येथून गेलेल्या माणसांची चरित्रे चाळताना माझी खात्री झाली आहे ती अशी, की सभा भरविणे, वर्गणी गोळा करणे, हिशेब चोख ठेवणे, चारचौघांत उभे राहून विरोधी मत मांडणे आणि ते मांडल्यानंतरही त्याच मंडळींबरोबर जेवावयास बसणे, हे सार्वजनिक जीवनाचे पहिले धडे विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेरच गिरविले.

मतभेद तर या संस्थेच्या जन्माबरोबरच आला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, लौकरच आगरकर त्यांना येऊन मिळाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजी एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ यांच्या हस्ते कॉलेजचे उद्‌घाटन होऊन शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात वर्ग सुरू झाले. नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे, कल्पना आणि कष्ट मात्र सर्वस्वी एतद्देशीयांचे. कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढलेले टिळक आणि आगरकर हे दोघे जिवलग स्नेही आधी राजकारण की आधी सामाजिक सुधारणा या प्रश्नावर आणि पुढे संस्थेच्या आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत घ्यावी की नाही या व्यवहाराच्या प्रश्नावर एकमेकांपासून इतके दूर गेले, की १८९० साली टिळकांनी राजीनामा देऊन संस्थेचा निरोप घेतला. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली निवर्तले, त्यांच्या जागी आगरकर आले, आणि ज्या वर्षी कॉलेज नव्या इमारतीत गेले त्याच १८९५ साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, दम्याने पोखरलेल्या देहाने आगरकरांनी जगाचा निरोप घेतला. हा सारा कलह विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ ही दोन्ही पत्रे हातात घेऊन ते वाद घालीत. एका पत्राचा कर्ता त्यांचा गणिताचा गुरू होता, दुसऱ्याचा कर्ता त्यांचा प्राचार्य होता. वादाचे हे बाळकडू ज्यांना मिळाले त्यांनी मुकाट्याने बसावे अशी अपेक्षा करणेच चूक होते.

नव्या जागेबरोबर वसतिगृह आले आणि खरे विद्यार्थिजीवन सुरू झाले. तत्पूर्वी परगावचा गरीब विद्यार्थी पेठांतून राहत असे. कोणी माधुकरी मागत असे, कोणी वार लावून जेवत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास, अशा क्रमाने पदवी मिळविलेल्यांची संख्या लहान नव्हती. वसतिगृहात राहणे हे त्यांपैकी पुष्कळांना परवडणारे नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु ज्यांना परवडले त्यांच्यासाठी जेवणाची जी व्यवस्था रूढ झाली ती शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची होती, असे माझे मत आहे. या भोजनव्यवस्थेस पुण्यात ‘क्लब’ म्हणत. क्लब म्हणजे दहा-वीस विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन ठेवलेला आचारी, भाड्याने घेतलेली किंवा वर्गणीतून विकत आणलेली भांडी, आणि आळीपाळीने निवडलेला चिटणीस. तांदूळ, तूरडाळ, तूप आणि जळण यांची खरेदी मंडईत जाऊन त्याने करावयाची, पाहुण्याचे पान वेगळे मांडावयाचे, गैरहजर राहिलेल्याचा ‘खाडा’ धरावयाचा की नाही याचा निवाडा करावयाचा, आणि महिनाअखेर जमाखर्च सर्वांपुढे वाचून दाखवून माणशी किती पडले ते सांगावयाचे. तुपाच्या हिशेबात खोट निघाली तर चिटणिसाची कैफियत सर्वांसमक्ष होई, आणि ती ऐकण्यास आचाऱ्यापासून सर्व हजर असत. सणावारी फीस्ट असे. श्रीखंड किंवा जिलबी, आग्रह, पैजा, आणि पंगत उठल्यावर व्हरांड्यात पेटीवर नाट्यपदे. त्या पंगतींना एक काळी बाजूही होती. पंक्तिभेद त्या काळच्या समाजात सर्वत्र होता आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्यांची ताटेही जात पाहून मांडली जात; कोणत्याही गौरवग्रंथाने हे झाकू नये.

याच काळात, १८९३ ते १८९८ या वर्षांत, जमखंडीहून आलेला एक मराठा तरुण येथे शिकत होता. विठ्ठल रामजी शिंदे हे त्याचे नाव. पुढे १९०६ साली त्यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढून अस्पृश्यतानिवारणास आयुष्य वाहिले. आणि याच काळात विद्यार्थ्यांना गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून सनातनी समाजाचा रोष ओढवून घेतला. त्यांच्या मूळ गावी, मुरुडास, त्यांच्यावर बहिष्कार पडला. कॉलेजातील त्यांची जागा मात्र हलली नाही. वर्गात शिकविलेली समीकरणे विद्यार्थी कालांतराने विसरले असतील, पण दिवसभर शिकवून संध्याकाळी हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाकडे पायी निघालेले अण्णा कर्वे ज्यांनी पाहिले, त्यांना समाजकार्य म्हणजे काय यावर निराळ्या व्याख्यानाची गरज उरली नाही.

आता १९०५ च्या विदेशी कपड्यांच्या होळीकडे वळू, कारण फर्ग्युसनच्या विद्यार्थिजीवनाचा विषय निघाला की वाचक पहिल्या प्रथम त्याच घटनेची विचारणा करतो. विनायक दामोदर सावरकर १९०२ साली कॉलेजात दाखल झाले आणि वसतिगृहात राहू लागले. त्यांच्या मित्रमंडळाने ‘आर्यन वीकली’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक चालविले, कविता रचल्या, इटलीच्या इतिहासाची पारायणे केली; वसतिगृहातील त्यांच्या खोलीवर तरुणांचा राबता असे. बंगालच्या फाळणीने देश खवळला तेव्हा ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कपड्यांची जी होळी झाली तिच्या अग्रभागी हे विद्यार्थी होते. कपडे गोळा करून, ते गाडीत लादून, वाजतगाजत मिरवणूक लकडी पुलापलीकडील मोकळ्या मैदानात आली; तेथे टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांची भाषणे झाली आणि ढिगाला अग्नी देण्यात आला. प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड ठोठावला आणि वसतिगृहातून काढून टाकण्याचा हुकूम दिला. त्या काळी संस्थेचा आजीव सदस्य वीस वर्षांची बांधिलकी पत्करून दरमहा पाऊणशे रुपयांवर राबत असे. त्या मानाने दहा रुपये ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर कडक टीका केली.

या प्रकरणाचे वर्णन करताना रँग्लर परांजप्यांना खलनायक ठरविण्याचा मोह अनेकांना होतो. मी त्यांची बाजू घेत नाही. ती शिक्षा अन्यायाची होती, आणि परदेशी वस्त्र जाळणाऱ्या तरुणास राहत्या खोलीतून घालवून देणे हे ज्या संस्थेचा जन्मच स्वावलंबनाच्या भावनेतून झाला तिला शोभणारे नव्हते, असे मला निश्चितपणे वाटते. पण परांजपे कोण होते हेही पाहिले पाहिजे. याच कॉलेजचा हा विद्यार्थी १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाला, वरिष्ठ सरकारी नोकरीचे दार उघडे असता ते नाकारून विशीच्या उत्तरार्धात पाऊणशे रुपयांच्या पगारावर येथे परत आला, आणि विद्यापीठाची संलग्नता व सरकारी अनुदान यांच्या आधारावर चाललेली संस्था सरकारच्या रोषापासून वाचविणे हे आपले कर्तव्य मानू लागला. ती भीती अगदीच काल्पनिक नव्हती. १९०७ साली हिंदुस्थान सरकारच्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांच्या राजकारणावर बंधने घालून त्यांची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली, तेव्हा प्राचार्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची कुचंबणा किती होती हे उघड झाले. तात्पर्य, शिक्षा करणारा आणि शिक्षा भोगणारा दोघेही याच आवाराची अपत्ये होती, आणि कॉलेजने पुढे दोघांनाही आपले मानले. सावरकरांची ती खोली आज जतन केलेली आहे, आणि त्यांच्या जयंतीला, २८ मे रोजी, लोक ती पाहावयास येतात.

साहित्य आणि नाट्य यांचा वारसा याच्याच जोडीने वाढत होता. राम गणेश गडकरी येथे आले, गणिताच्या परीक्षेत अडले, पदवीवाचून निघून गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीच्या आश्रयाला जाऊन मराठी रंगभूमीचे भाग्य ठरले. प्रल्हाद केशव अत्रे येथून पदवी घेऊन बाहेर पडले. फार्सी शिकविणारे माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांच्या सहवासात काव्याची गोडी लागलेले विद्यार्थी त्या पिढीत बरेच होते. १९२३ साली आकारास आलेले रविकिरण मंडळ रविवारी चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या मित्रांतून उभे राहिले आणि ‘सन-टी क्लब’ या नावाने आरंभी ओळखले गेले, ही गोष्ट साहित्यरसिकांना ठाऊक आहेच. मुलींची संख्या त्या काळी थोडी होती. परंतु १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन येथून पदवीधर झालेल्या इरावती कर्वे यांचे बालपण रँग्लर परांजप्यांच्याच घरी, त्यांची कन्या शकुंतला हिच्या सोबतीने गेले होते, एवढे सांगितले म्हणजे प्राचार्यांच्या बंगल्यात कोणते वारे वाहत होते त्याची कल्पना येईल.

वार्षिक स्नेहसंमेलन, ज्याला विद्यार्थी सरसकट ‘गॅदरिंग’ म्हणतात, हा वर्षातील सर्वांत मोठा उत्सव. पाहुण्याचे भाषण, बक्षीस समारंभ, विविध गुणदर्शन, नाटक आणि शेवटी ‘फिशपाँड’. निनावी चिठ्ठ्यांतून एकमेकांना, आणि मर्यादा सांभाळून प्राध्यापकांनाही, काढलेले चिमटे ‘अँफी’त, म्हणजे वाडिया अँफिथिएटरच्या पायऱ्यांवर, खच्चून भरलेल्या श्रोत्यांपुढे वाचले जात. ज्याच्या नावाने चिठ्ठी निघे त्याने उठून उभे राहावयाचे आणि हसून घ्यावयाचे, असा दंडक होता. चारचौघांत झालेली थट्टा न रागावता सोसण्याचे हे शिक्षण ज्यांना मिळाले, त्यांना पुढे सभेतील हुर्यो आणि निवडणुकीतील शिवीगाळ जड गेली नाही.

१९२० ते १९३० हे दशक येथे नव्या प्रकारच्या विद्यार्थ्याचे होते. श्रीधर महादेव जोशी, ज्यांना महाराष्ट्र एसेम म्हणून ओळखतो, आणि नारायण गणेश गोरे हे दोघे याच आवारात वाढले. युथ लीग, सायमन कमिशनवरील बहिष्कार, खादी, अभ्यासमंडळे अशा गजबजलेल्या वातावरणातून बाहेर पडलेले हे तरुण १९२९ च्या ऑक्टोबरात पर्वतीच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहात अस्पृश्य बांधवांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांना दगडधोंड्यांचा प्रसाद स्वकीयांकडूनच मिळाला. टिळक-आगरकरांच्या वादात राजकारण आणि सुधारणा ही दोन टोके मानली गेली होती; या पिढीने ती दोन्ही एकाच आयुष्यात एकत्र आणली. पुढे नाशिकच्या तुरुंगात झालेल्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना रुजली त्यातही हे दोघे होते, आणि १९५५ च्या मे महिन्यात गोवामुक्तीच्या सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोरे पोर्तुगीज हद्दीत शिरले. फर्ग्युसनने देशाला दिलेल्या माणसांमध्ये या जोडीला मी फार वरचे स्थान देतो.

त्याच्या उलट मार्गाची घटना २२ जुलै १९३१ ची. आदल्या वर्षी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता, आणि त्या प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन कॉलेजच्या भेटीस आले असता, वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर गोळी झाडली. गोळी छातीवर लागली, पण खिशापाशी अडली आणि गव्हर्नर बचावले. जेथे विद्यार्थी खाली मान घालून वाचीत बसतात त्या दालनात क्षणभर झालेला तो आवाज आणि त्यानंतरची स्तब्धता यांचे वर्णन मी जुन्या मंडळींच्या तोंडून ऐकले आहे. गोगट्यांना शिक्षा झाली. पाहुणा म्हणून आलेल्या माणसावर हत्यार उचलणे योग्य होते काय, यावर कॉलेजात आणि बाहेर तीव्र मतभेद झाले, आणि गांधीजींनी या कृत्याचा स्पष्ट निषेध केला. माझ्यापुरते सांगावयाचे तर हिंसेचा मार्ग मला कधीही पटला नाही. पण चार निरपराध मानलेल्या माणसांच्या फाशीने ज्याची झोप उडाली, त्या विद्यार्थ्याच्या अंतःकरणातील वेदनेविषयी मला आदर वाटतो, आणि पर्वतीवर दगड खाणारे तरुण व ग्रंथालयात पिस्तूल घेऊन आलेला तरुण अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने एकाच आवारातून निघाले, ही गोष्ट इतिहासकाराने नीट ध्यानात ठेवावी असे वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू होऊन कॉलेजचा मुंबईशी असलेला जुना संबंध संपला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे आणि एसेम हे फर्ग्युसनचे दोन माजी विद्यार्थी, एक वज्राघाती वक्ता आणि दुसरा ऋजू संघटक, एकाच व्यासपीठावर उभे राहिले. १ मे १९६० रोजी राज्य जन्मास आले त्यात दोघांच्याही परिश्रमांचा वाटा होता. येथे शिकलेले दोघे जण, पी. व्ही. नरसिंह राव आणि विश्वनाथ प्रताप सिंह, पुढे भारताचे पंतप्रधान झाले, हेही जाता जाता नोंदवितो.

१९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू केला आणि पुण्यातील विद्यार्थिजीवनास एक नवे केंद्र लाभले. पावसाळ्याचे दिवस, रात्री उशिरापर्यंत रिकाम्या वर्गात चाललेल्या तालमी, कोणाच्या तरी आईचे नऊवारी लुगडे आणि कोणाच्या तरी आजोबांचा कोट, ठोकळे जोडून केलेले नेपथ्य, आणि भरत नाट्य मंदिराच्या प्रेक्षागृहात पडदा उघडण्यापूर्वी दुमदुमणारी ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी : ज्याने हे अनुभवले त्याला ते आयुष्यभर पुरते. पात्र, प्रकाश, संगीत, संहिता सारे विद्यार्थ्यांचेच. तालीम आटोपून फर्ग्युसन रस्त्यावरील ‘वैशाली’ किंवा ‘रूपाली’त कॉफीचा एक कप चौघांत मागवून पहाटेच्या गप्पा पुढे चालवाव्यात, तेथेच एखाद्या मोर्च्याचे पत्रक लिहावे, आणि दुसऱ्या दिवशी ते आवारात वाटावे, असे अनेकांनी केले. आणीबाणीच्या काळात असे पत्रक वाटण्यास किती धैर्य लागत असे, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते.

यानंतर जे घडले त्याचा मला खेद वाटतो. विद्यार्थी निवडणुकांत पैसा आणि दांडगाई शिरली हे खरे. त्यावर उपाय म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद करून गुणवत्तेनुसार नेमलेले प्रतिनिधी आणले. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी अभ्यासात हुशार असतो. तो इतर विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांचा वकील असेलच असे नाही. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण ती कागदावरून व्यवहारात उतरण्यास दिरंगाई होत आहे. दरम्यान वर्षातला उत्साह ‘ट्रॅडिशनल डे’, ‘रोझ डे’ आणि प्रायोजकांच्या फलकांनी झाकलेल्या महोत्सवांत वाहून जातो. तरुणांनी नटू नये, नाचू नये असे मी म्हणत नाही. त्यांनी नटावे, नाचावे, पण त्या उत्सवाचा जमाखर्चही स्वतःच लिहावा आणि सर्वांपुढे वाचून दाखवावा. क्लबचा चिटणीस हे काम शंभर वर्षांपूर्वी करीत होता.

हा वृत्तांत अपुरा आहे. कॉलेजच्या दप्तरात परिपत्रके, हजेरीपत्रके आणि अहवाल जतन झालेले असतात. क्लबच्या हिशेबवह्या, गॅदरिंगच्या छापील कार्यक्रमपत्रिका, हस्तलिखित अंक, एकांकिकांच्या संहिता, मोर्च्यांची पत्रके आणि वसतिगृहातील समूहचित्रे मात्र माजी विद्यार्थ्यांच्या घरांतील जुन्या ट्रंकांत पडून असतात, आणि घर बदलताना किंवा घरातील वडील माणूस गेल्यावर रद्दीत जातात. ज्यांच्यापाशी असे काही असेल त्यांनी ते, मूळ देणे शक्य नसेल तर त्याची प्रत, कॉलेजच्या ग्रंथालयाकडे पोहोचती करावी आणि सोबत त्यातील माणसांची नावे व सालाची नोंद स्वच्छ अक्षरात लिहून द्यावी, अशी या लेखाच्या निमित्ताने सर्व माजी विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.